गंजलेल्या जुन्या स्टेशन वॅगनची रास्त किंमत कशी ठरवायची?

निळीवॅगन

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं मी एक जुनी स्टेशन वॅगन, म्हणजे छत थेट मागपर्यंत गेलेली लांब गाडी, शोधते आहे आणि आता एक १९८२ ची व्होल्वो २४५ समोर आली आहे. इंजिन सुरू होतं, कागदपत्रं नीट आहेत, सीटा चांगल्या आहेत. पण गंज आहे. मागच्या दोन्ही चाकांवरच्या कमानींना फोड आलेत, डिकीच्या दाराची खालची कड खाल्ली गेली आहे. विकणारे म्हणतात, "वरवरचा आहे, घासून रंग मारला की झालं."

किंमत पैशांत लिहीत नाही, कारण इथे वेगवेगळ्या देशांतली मंडळी आहेत. असं धरा, की याच मॉडेलची बिनगंजाची, रोज वापरता येईल अशी गाडी १०० ला जाते. हे ५५ मागतायत. जाहिरातींत पाहिलं तर अशाच अवस्थेतल्या गाड्या ४० पासून ७० पर्यंत दिसतात, त्यामुळे काहीच अंदाज येत नाही. ५५ रास्त आहे का? आणि रास्त आहे की नाही हे स्वतःचं स्वतः ठरवायची रीत काय?

आजचनवा

मलाही हाच प्रश्न आहे. धागा वाचत राहीन.

पत्राकाका

पत्र्याचं काम हाच माझा धंदा, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिली गोष्ट, जाहिरातीतला आकडा ही किंमत नव्हे, ती मागणी आहे. तुम्हाला जी जाहिरात चार महिने दिसते आहे, ती गाडी त्या भावाला विकली गेलेली नाही, एवढंच ती सांगते. ज्या रास्त भावाच्या असतात त्या आठवड्यात गायब होतात आणि आपल्या नजरेत राहतात त्या महागड्या. म्हणून वही करा. जाहिरात दिसली की तारीख, मागणी, फोटो टिपून ठेवा, मागणी कितीदा उतरवली ते लिहा, गायब कधी झाली ते लिहा. लिलावाचे निकाल पाहता आले तर तेही पाहा, पण तिथे येणाऱ्या गाड्या बहुधा निवडक असतात हे लक्षात ठेवून.

दुसरी गोष्ट वॅगनचीच आहे. सेडानचा भाव काढायची सवय असलेली माणसं वॅगनला फसतात. पुढचा अर्धा भाग दोघींचा जवळपास एकच. तुमच्या २४५ चं पुढचं मडगार्ड सेडानचं चालतं आणि ते नटबोल्टने बसवलेलं असतं, एका दुपारचं काम. मागचा अर्धा मात्र फक्त वॅगनचा: बाजूचा लांब पत्रा, शेवटचा खांब, डिकीचं दार, छताचा मागचा तुकडा, सामानाच्या जागेची जमीन. वॅगन मुळात कमी बनल्या, ओझी वाहून वाहून त्यातल्या बऱ्याच भंगारात गेल्या, आणि नवे पत्रे बनवणारे आधी खपाऊ मॉडेलचे बनवतात. म्हणजे जिथे गंज जास्त धरतो नेमका तिथलाच पत्रा मिळत नाही. म्हणून मी वॅगन बघायला गेलो की आधी मागे जातो. बॉनेट शेवटी उघडतो.

आता हिशोब. माझी पद्धत वजाबाकीची. काम पुरं झाल्यावर गाडी कितीला जाईल, त्यातून ती तिथवर न्यायचा खर्च वजा. त्यातही दोन खाती ठेवा. जे पाना घेऊन निघतं ते एका खात्यात, जे कापून झाळावं, म्हणजे वेल्डिंग करावं लागतं ते दुसऱ्या खात्यात. पहिल्या खात्याचा अंदाज सहसा चुकत नाही. दुसऱ्याचा जवळजवळ नेहमी चुकतो, आणि चुकतो तो एकाच दिशेला.

कारण असं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज धरला की तो सांधा फाकवतो, आणि बाहेर रंगाला फोड येतो. म्हणजे कमानीवरचा फोड हा आतून बाहेर आलेला असतो. बॉडीचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा, कधी त्याहून कमीच. बाहेर नाण्याएवढा फोड दिसतो, घासायला घ्यावं तर आत तळहाताएवढं भोक, आणि चांगला पत्रा सापडेपर्यंत कापलं की त्याहून मोठं. "घासून रंग मारला की झालं" हे फक्त वरून पडलेल्या ओरखड्याच्या गंजाला लागू पडतं.

तुमच्या वर्णनावरून माझा ढोबळ अंदाज: गंजाचं काम ३०, तेवढ्याच भागाचा रंग १०, ब्रेक-रबर-टायर-वायरिंग मिळून १२. उरले ४८. आता जे दिसलं नाही त्याच्यासाठी गंजाच्या अंदाजाच्या निम्मे म्हणजे १५ बाजूला काढा. राहिले ३३. गाडी न बघता मी ३३ म्हणेन. ५५ नाही.

लांबपल्ला

पत्राकाकांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण विकणाऱ्याची बाजूही कुणीतरी मांडायला हवी. मी माझी जुनी वॅगन गेल्या वर्षी विकली. येणारा प्रत्येक जण हाच हिशोब घेऊन यायचा आणि त्यात दोन गोष्टी हमखास चुकवायचा.

एक: पूर्ण रंगाचा खर्च वजा करायचा आणि वर सांगायचा, "मी हिला आहे तशीच चालवणार." रंगवणार नसाल तर रंगाचे पैसे कापू नका. जी गाडी तुम्ही खरोखर बनवणार आहात तिच्या किमतीतून, तुम्ही खरोखर करणार आहात तेवढाच खर्च वजा करा. प्रदर्शनात उभ्या असलेल्या चकचकीत गाडीची किंमत धरायची असेल तर खर्चही तिथवरचा धरा, मग उत्तर शून्याच्या खाली जातं. आणि शून्याखालच्या किमतीला कोण विकेल?

दोन: माझ्या गाडीचा गंज मी झाकला नव्हता. खालून, आतून, गालिचा उचलून चाळीसेक फोटो दिले होते. शेजारच्या जाहिरातीत ताजा रंग मारलेली, तळाला ताजं काळं डांबरी लेपण लावलेली गाडी होती. लोक तिला जास्त पैसे द्यायला तयार आणि माझ्याशी घासाघीस! उघडा गंज मोजता येतो. झाकलेला येत नाही. प्रामाणिक गाडीला थोडे जास्त मोजायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

पत्राकाका

लांबपल्ला, दोन्ही मुद्दे मान्य. दुसरा तर शंभर टक्के. माझ्या हिशोबातले ते बाजूला काढलेले १५ आहेत ना, ते तुमच्यासारख्या विकणाऱ्याकडे कमी करावेच लागतात, कारण अज्ञात कमी उरतं. आणि ताज्या काळ्या लेपणाची गाडी असेल तर मी ते दुप्पट धरतो.

टी_डिझेल

माझ्याकडे मर्सिडीजची १२३ मालिकेतली वॅगन आहे, त्यांच्या भाषेत टी मॉडेल, १९७८ ते १९८६ मध्ये बनलेली. घेताना केलेली चूक सांगतो.

गाडीचं मागचं सस्पेन्शन दगडासारखं कडक झालं होतं. या वॅगनला मागे तेलाच्या दाबावर उंची राखणारी यंत्रणा कारखान्यातूनच येते आणि तिच्यातले वायूचे गोळे म्हातारे झाले की गाडी आपटत चालते. मी घाबरलो, त्यावरून भरपूर भाव पाडला आणि स्वतःवर खूश झालो. ते गोळे बदलायला फारसा त्रास पडला नाही, नटबोल्टचं काम. पण ज्या सस्पेन्शनकडे मी वाकून बघत होतो, त्याच्याच वर चाकाच्या आतल्या कमानीचा सांधा सुटलेला होता. जॅक लावायच्या जागाही पोकळ निघाल्या. त्याचे मी एक पैसाही कापला नव्हता. पत्राकाका म्हणतात ती दोन खाती मी उलटी मांडली होती.

नऊसीटर

अमेरिकन वॅगनवाल्यांसाठी दोन शब्द, कारण तिथे हिशोब आणखी वेगळा पडतो.

ज्यांच्या बाजूंना लाकडासारखा दिसणारा चिकट पडदा असतो, फोर्ड कंट्री स्क्वायरसारख्या, त्यांच्या त्या पडद्यामागे काय चाललंय हे बाहेरून कळत नाही. पडद्याच्या कडेच्या पट्ट्या बसवायला पत्र्याला भोकं असतात, तिथून पाणी जातं. हाताने दाबत जा. कुरकुर आवाज आला किंवा पडदा फुगीर लागला तर खाली पत्रा सुटलाय असं धरा.

आणि १९७१ ते १९७६ च्या जनरल मोटर्सच्या मोठ्या वॅगन: त्यांची मागची काच वर छतात सरकते आणि खालचं दार जमिनीखाली सरकतं. बघायला इतकं सुंदर, की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चार वेळा उघडझाप करायला लावली. पण दार ज्या खोबणीत जातं तिथे चिखल-पानं साचून पाणी थांबतं आणि ती जागा कुजते. तिचे भाग म्हणजे दुसरी तशीच गाडी. म्हणून अशी वॅगन बघताना मी आधी विचारतो, दार पूर्ण आत जातं का, पूर्ण बाहेर येतं का. जात नसेल तर मी तिची किंमत सुट्या भागांच्या भावाने करतो.

आजचनवा

सुट्या भागांचा भाव म्हणजे नक्की काय?

नऊसीटर

म्हणजे गाडी उभी करायची नाहीच असं ठरवलं, तर इंजिन, गिअरबॉक्स, काचा, दिवे, सीटा, चकाकत्या पट्ट्या विकून जे येईल ते. प्रत्येक गंजक्या गाडीला हा तळ असतो, त्याच्या खाली भाव जात नाही. वॅगनमध्ये हा तळ काही वेळा अपेक्षेहून वर निघतो, कारण मागच्या बाजूच्या लांब काचा आणि धड डिकीदार यांच्यासाठी लोक वर्षानुवर्षं थांबलेले असतात. पण खोलून विकायला लागणारे महिने आणि जागा यांचे पैसे त्यातून वजा करायला विसरू नका.

लाकूडकाम

इथे एक उलटं उदाहरण देतो. मॉरिस मायनर ट्रॅव्हलर, १९५३ ते १९७१. तिचा मागचा सांगाडा खऱ्या अ‍ॅश लाकडाचा आहे आणि ती शोभा नाही, मागची बॉडी त्या लाकडावर उभी आहे. लाकूड काळं पडून मऊ झालं की बघणारा म्हणतो, संपली ही गाडी. पण त्या सांगाड्याचे नवे लाकडी भाग आजही बनतात, त्यामुळे मागचा पूर्ण सांगाडा बदलायला काय लागेल हे आधी विचारून घेता येतं. नुकसान मोठं पण त्याचा आकडा पक्का. याउलट कुठल्या विसरलेल्या वॅगनच्या शेवटच्या खांबाला वीतभर गंज असला, तरी तो पत्रा हाताने वाकवून बनवावा लागतो आणि ते कारागिराच्या तासांवर जातं. गंज केवढा आहे याआधी मी विचारतो, त्या जागेचा भाग मिळतो का.

पत्राकाका

अगदी हेच. मी हे आधीच लिहायला हवं होतं.

निळीवॅगन, बघायला जाल तेव्हा घरगुती चुंबक फडक्यात गुंडाळून न्या, एक जुना स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि शक्य झालं तर रंगाची जाडी मोजायचं यंत्र. कारखान्याचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. तीनशेच्या आसपास आला तर पुन्हा रंगवलीय, त्यात वाईट काही नाही. हजाराच्या वर गेला तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे, आणि लांबीच्या खाली काय आहे हे भरणाऱ्यालाच ठाऊक. स्क्रूड्रायव्हर टोचायच्या आधी मालकाची परवानगी घ्या. परवानगी नाकारली तर तेही उत्तरच आहे.

दारांखाली ज्या पोकळ पेट्या असतात, सिल, तिथे जॅकच्या जागी गाडी थोडी उचलायला सांगा आणि त्या बाजूची दारं उघडून-मिटून बघा. आधी नीट लागणारं दार उचलल्यावर अडकायला लागलं, फटी बदलल्या, तर पेटीत जीव नाही. नुसत्या जॅकवर असताना खाली मात्र डोकं घालू नका.

मग मागची जमीन. गालिचा, फळी, सगळं उचला. कोपऱ्यातल्या खड्ड्यांत हात घालून बघा ओल आहे का. पाणी असेल तर ते कुठून आलं? डिकीचं रबर, मागचे दिवे, छतावरच्या कॅरिअरची भोकं. तुमच्या २४५ मध्ये अजून एक करा. डिकीदार हळूहळू उघडत असताना मागचा वायपर, दिवे चालू ठेवा. दाराच्या बिजागरीपाशी वायरी वाकून वाकून तुटतात. इंजिनाजवळच्या वायरीही बघा. तुमची २४५ ज्या २४० मालिकेतली, त्या मालिकेच्या ८० च्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये वायरीवरचं आवरण भुगा होऊन गळतं. पण हे दोन्ही पहिल्या खात्यातलं आहे, घाबरायचं नाही.

टी_डिझेल

आणि पावसात किंवा ओल्या गाडीचं रंगकाम तपासू नका. ओला रंग सगळं लपवतो.

निळीवॅगन

मंडळी, जाऊन आले. तीन तास लागले. विकणारे गृहस्थ भले निघाले, चहा दिला आणि टोचायलाही परवानगी दिली. गाडी त्यांच्या वडिलांची. ते गेल्यावर सहा वर्षं शेडमध्ये उभी आहे. "वरवरचा गंज" हे ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं.

चांगलं आधी. दोन्ही सिल पक्क्या, उचलल्यावर दारं जशीच्या तशी लागली. पुढची जमीन कोरडी. छप्पर स्वच्छ, कॅरिअर कधी बसवलेलंच नाही. यंत्र पुढे सगळीकडे १२०-१४० दाखवत होतं.

आता मागे. उजवी कमान बाहेरून गेलीय, आतली बरी आहे. डाव्या कमानीच्या वर चुंबक धरेचना, यंत्र १८०० पर्यंत गेलं. आतून टॉर्च मारला तर जुन्या ठिगळावर दुसरं ठिगळ, आणि आतली कमान सांध्यापासून सुटलेली, बोट आत जातं. डाव्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात चार बोटं पाणी होतं. त्याचा तळ अजून शाबूत आहे पण खवले निघतायत. मी आत बसले आणि त्यांना बाहेरून पाइपने पाणी मारायला सांगितलं. डाव्या मागच्या दिव्याच्या रबरामागून थेंब थेंब येताना डोळ्यांनी पाहिलं. डिकीदाराची कड म्हणजे नुसता रंग उरलाय. मागचा वायपर बंद, अपेक्षेप्रमाणे.

पत्राकाका, याच्यावर गंजाचं काम किती धरू?

पत्राकाका

छान तपासलंत. इतकं नीट फार थोडे जण बघतात.

डाव्या आतल्या कमानीमुळे ३० चे ३८ करा. या एकूण ३८ मधले ८ डिकीदाराचे. पण आता अज्ञात किती उरलं? सिल पाहिल्या, जमीन पाहिली, छप्पर पाहिलं, ठिगळ सापडलं, पाण्याची वाटसुद्धा सापडली. मग राखीव १५ वरून ६ वर आणा. १०० मधून ३८, १०, १२ आणि ६ गेले, राहिले ३४. बघा, नुकसान वाढलं तरी आकडा एकाने वर सरकला. तीन तास तपासल्याचं हे फळ.

लांबपल्ला

एक विनंती. त्यांना नुसतं "३४ देते" म्हणू नका. कागदावर हिशोब मांडून दाखवा. वडिलांची गाडी आहे, नुसता आकडा ऐकला तर त्यांना तो अपमान वाटेल. चुंबक, यंत्राचे आकडे, सुटलेल्या सांध्याचा फोटो, सगळं समोर ठेवा आणि चांगलं काय आहे तेही तितक्याच ठळकपणे लिहा. मला एकाही गिऱ्हाइकाने असं समजावलं असतं तर मी पाच टक्के आनंदाने सोडले असते.

आजचनवा

+१. आणि ५५ वरून ते एकदम ३४ वर येतील का? ४५ म्हणाले तर?

पत्राकाका

तर उठून यायचं, नंबर ठेवून. ४५ ला घेतली तर वरचे ११ काम संपल्यावर कुठूनच परत येत नाहीत. पण ज्याला हीच गाडी हवी, विकायची कधीच नाही, त्याने हे ११ जाणूनबुजून मोजले तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. फक्त ते गाडीच्या किमतीत धरू नयेत. ते आपल्या हौसेचे आहेत हे माहीत असावं.

निळीवॅगन

झालं! लांबपल्ला, तुमचं ऐकलं. दोन पानं लिहून नेली. त्यांनी दोनदा वाचली आणि डाव्या कमानीचा फोटो बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, वडिलांनी ते ठिगळ स्वतः मारलं होतं, शेजारी उभं राहून टॉर्च धरल्याचं त्यांना आठवत होतं.

पुढे जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. ते शेडच्या मागच्या भागात घेऊन गेले. तिथे ताडपत्रीखाली दुसऱ्या भंगारात गेलेल्या २४५ चं डिकीदार, काचेसकट, कड पूर्ण शाबूत. वडिलांनी जपून ठेवलेलं. मी तिथेच हिशोब बदलला. डिकीदाराचे ८ धरले होते, आता बसवणं आणि रंग मिळून २. म्हणजे ६ वाढले. ४० वर हात मिळवले. गाडी शनिवारी आणली.

आता पुढचा प्रश्न. वेल्डिंगवाला पुढच्या आठवड्यात येतोय. त्याआधी मी काय काय करून ठेवू?

पत्राकाका

अभिनंदन! ४० अगदी योग्य. ते डिकीदार वेगळं शोधायला निघाला असतात तर वर्ष गेलं असतं.

सगळ्यात आधी पाणी थांबवा. दिव्याचं रबर बदलून पुन्हा पाइप मारून बघा, नाहीतर नवा पत्रासुद्धा तीन वर्षांत तसाच होईल. मागचा गालिचा, आवाज रोखायचे डांबरी तक्ते, प्लॅस्टिकच्या बाजू, सगळं काढा. डाव्या बाजूच्या वायरी सोडवून दूर बांधा. बॅटरी पूर्ण काढा, अल्टरनेटरची जोडणी सोडा. आणि पेट्रोलची टाकी मागेच आहे, ती उतरवून गाडीपासून लांब ठेवल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू देऊ नका. नुसती रिकामी करून चालत नाही, रिकाम्या टाकीतली वाफ जास्त धोक्याची. वेल्डरला सांगा, डाव्या कमानीवर तिसरं ठिगळ नको. दोन्ही जुनी ठिगळं कापून काढायची, आतली कमान आधी, बाहेरची नंतर, आणि पत्रा कडेला कड भिडवून वेल्ड करायचा. आतल्या बाजूला शेवटी मेणाचा फवारा.

निळीवॅगन

बॅटरी निघाली, गालिचा वाळत घातलाय. उद्या टाकी उतरवते. कापलेला पत्रा टाकणार नाही, त्यांना तो ठिगळाचा तुकडा हवा आहे.